रस्ता जमा करा

नत्थूजी भोयर कधी हसत नसत असं त्यांच्याविषयी सांगतात, ते खरं नाही. ते हसायचे. समोरचा माणूस रस्ता चुकून परत आला की हसायचे, आणि तो शरमेनं मान खाली घालून उभा राहिला की आणखी हसायचे. पुढचे दोन दात पडलेले, त्यातून तंबाखूचा काळा रंग दिसायचा. ते हसू मी पहिल्याच दिवशी पाहिलं, कारण पहिला चुकलेला माणूस मीच होतो.

नागपूरजवळच्या वाडीला आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोदाम होतं. अमरावती रोडला लागून लोखंडी गेट, गेटच्या आत डाव्या हाताला एक लाकडी स्टूल, आणि स्टुलावर नत्थूजी. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, शहरातल्या महाल भागातून सायकल मारत नोकरीवर रुजू व्हायला आलेला. शर्ट इस्त्रीचा. मी विचारलं, "ऑफिस कुठे आहे हो?"

त्यांनी मला चपलेपासून भांगापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "असं करा बाबूजी. हे पत्र्याचं शेड सोडून द्या. तिसऱ्या गोदामापासून उजवा हात. तिथं टायरांचा ढीग हाय, त्याले वळसा. मंग वजनकाटा. काट्याच्या मागून कुंपण धरून चालत या. जिथं बोरीचं झाड लागन तिथं डावा हात. समोर दार दिसन."

मी गेलो. टायर, काटा, कुंपण, बोर, सगळं जिथल्या तिथं होतं. पॅन्टला काटे लागले, शर्टला ग्रीस. पंधरा मिनिटांनी दार दिसलं. ते दार नत्थूजींच्या स्टुलाच्या मागे दहा पावलांवर होतं.

"पोचले काय?" ते म्हणाले, आणि हसले. हमाल हसले, गेटसमोर चहाची टपरी चालवणारी शांताबाईही पदर तोंडाला लावून हसली. मी संतापून म्हटलं, "खोटं कशाला सांगितलंत?" तेव्हा त्यांचं हसू एकदम बंद झालं.

"खोटं नाही सांगतलं. लांबचा सांगतला. नत्थू भोयर रस्ता खोटा सांगत नाही."

हे वाक्य मी पुढं आठ वर्षं ऐकत राहिलो.

कंपनीच्या रजिस्टरात नत्थूजींच्या नावापुढं 'गेटमन' लिहिलेलं होतं. पण गेट उघडायला दुसरा माणूस होता. नत्थूजींचं खरं काम रस्ता सांगणं. त्या काळी आमच्याकडं बावीस गाड्या होत्या, आणि बाविसांपैकी एकही ड्रायव्हर सकाळी नत्थूजींसमोर उभा राहिल्याशिवाय गेटबाहेर पडत नसे. कोणी उमरेडला निघालेला, कोणी सावनेरला, कोणी काटोलच्या पलीकडच्या खेड्यांत. स्वतः नत्थूजींनी वीस वर्षं गाडी चालवली होती. मग गोदामातच दोन गाड्यांच्या मध्ये सापडून डावा पाय गुडघ्यातून गेला. मोठ्या शेठजींनी त्यांना स्टूल दिलं आणि गेटशेजारची एक खोली दिली. तिथंच नवराबायको आणि मुलगा राहायचे. ते स्टूल आणि ती खोली, एवढंच त्यांचं जग होतं, आणि ते गेलं तर जायला जागा नव्हती. ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

रस्ता सांगायची त्यांची तऱ्हा अशी. ते एकदाच सांगत. काठीनं जमिनीवर रेघ ओढत नसत, हातवारे करत नसत. अंतर मैलांत सांगितलं तर सांगितलं, नाहीतर तंबाखूच्या चिमटीत: "गेटवर चिमूट टाकजो, तिची चव गेली की डाव्या हातानं वळजो." कोणी दुसऱ्यांदा विचारलं, की ते शांताबाईकडं वळून मोठ्यानं म्हणायचे, "शांते, याच्या कानात तेल टाक वं." बस. मग त्या ड्रायव्हरनं जन्मभर चुकत फिरलं तरी ते दुसऱ्यांदा सांगत नसत. माणसं घाबरून पहिल्यांदाच नीट ऐकायला शिकली. हे मी त्यांच्या कौतुकानं सांगत नाही. भीतीनं शिकलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो तो मी रोज सकाळी सात वाजता पाहिला आहे.

आणि परत आल्यावर 'जमा'. ही नत्थूजींनीच घातलेली रीत. गाडी आत आली की ड्रायव्हरनं आधी हात-तोंड धुवायचं नाही, चहा प्यायचा नाही, लघवीलासुद्धा जायचं नाही. स्टुलासमोर उभं राहायचं. नत्थूजी म्हणायचे, "रस्ता जमा कर." मग त्यानं सांगायचं: कुठं खोदलंय, कुठल्या पुलाचा कठडा पडलाय, कुठलं झाड तोडलं, नाका कुठून कुठं सरकला, कुठल्या वळणावर नवा धाबा झाला. डाव्या हाताचं डाव्या हाताला, उजव्याचं उजव्याला. नत्थूजी डोळे मिटून ऐकायचे. जमा पसंत पडली तर डोळे न उघडताच हाक मारायचे, "शांते, याले चहा दे." नाही पडली तर चहा नाही. बावीस ड्रायव्हर बावीस दिशांनी पाहून यायचे आणि सगळं त्या एका डोक्यात ओतायचे. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. तरी कंपनीची गाडी कधी फुटक्या पुलावर जाऊन अडकली नाही, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागे. आणि शत्रूंची कमी नव्हती.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा आंधळा भरवसा होता. कोणाच्या हजेरीवर, तब्येतीवर, बायकोच्या बाळंतपणावर ते विश्वास ठेवत नसत. "सुट्टी पाहिजे म्हणून माय मारते हे लोक," असं तोंडावर म्हणायचे. पण रस्ता कोणी जमा केला की तो खराच धरायचे. मी एकदा विचारलं, "नत्थूजी, एखाद्यानं खोटंच सांगितलं तर?"

ते माझ्याकडं असे पाहू लागले, जणू मी काही घाण बोललो. "बाबूजी, ड्रायव्हर बायकोले खोटं सांगन, शेठले सांगन, पोलिसाले तं सांगनच. रस्त्याचं कोणी खोटं सांगत नाही. मागून त्याचाच भाऊ येऊन राहिला असते ना त्या रस्त्यानं."

देवमन उईके नावाचा एक ड्रायव्हर होता. तिशीचा, सरळ, कमी बोलणारा. नवीन लग्न झालेलं. मे महिन्यात एका दुपारी तो उमरेडकडून आला, तर गेटवर त्याचा सासरा पिशवीत आंबे घेऊन बसलेला. पहिल्यांदाच जावयाला कामावर भेटायला आला होता. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, शांताबाईच्या बाकावर अगदी ऐटीत. देवमननं लांबूनच त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"जमा कर," नत्थूजी म्हणाले.

देवमननं भरभर सांगितलं. शेवटी नत्थूजींनी विचारलं, "नाल्यावरचा पूल. डाव्या हाताचे दगड पडले म्हणते. किती उरले?"

"उरले हायेत काही."

"काही म्हणजे किती?"

"मोजले नाही जी."

"तं मोजून ये."

देवमनला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. नत्थूजींनी गाडीची किल्ली मागून घेतली आणि गोदामातल्या सायकलीकडं बोट केलं. तो पूल तिथून नऊ मैलांवर. वर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. देवमन म्हणाला, "माहे सासरे आले हायेत, नत्थूजी."

"तं बसू दे त्यायले. जावई मोजता येणारा हाय का नाही, ते पण पाहून जातीन."

देवमन गेला. सासरा चार तास बाकावर बसून राहिला. पाच वाजता देवमन आला. ओठ फाटलेले, तोंड काळंठिक्कर. स्टुलासमोर उभा राहून म्हणाला, "सात."

नत्थूजी डोळे मिटून म्हणाले, "मले माहीत होतं. सकाळी एकानं जमा केलं होतं. शांते, याले चहा दे."

देवमननं तो चहा घेतला आणि प्याला. सासरा आंब्यांची पिशवी बाकावरच ठेवून निघून गेला होता. मला त्या दिवशी नत्थूजींचा जो राग आला तो गेला असं मी कधी म्हणणार नाही.

त्यांच्या घरातली गोष्ट याहून वाईट. मुलगा प्रभाकर तेव्हा बावीसचा, खापरखेड्याच्या वीज केंद्रात नुकता लागलेला. आई, म्हणजे नत्थूजींची बायको, बर्डीतल्या एका दवाखान्यात भरती होती आणि प्रभाकर रजा घेऊन तिच्याजवळ होता. एका सकाळी साडेदहाच्या सुमारास तो सायकल हाणत गेटमध्ये आला. आम्ही सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि आम्हाला कळलं. दोन हमाल उभे राहिले. मी ऑफिसच्या दारात आलो.

"बाबा," प्रभाकर म्हणाला.

"आधी रस्ता जमा कर," नत्थूजी म्हणाले.

मला वाटलं, आता हा पोरगा बापाच्याच काठीनं त्याचं डोकं फोडणार. प्रभाकरनं सायकल गेटला टेकवली. मग त्यानं हात दोन्ही बाजूला सरळ सोडले आणि सांगायला लागला. बर्डीपासून. कुठल्या चौकात गर्दी, कुठं पाइप टाकण्यासाठी खोदलंय, युनिव्हर्सिटीच्या बाजूला कुठली फांदी खाली आली आहे, डावा हात, उजवा हात. एक गोष्ट सोडली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र शाळेत कविता म्हणावी तसा सपाट. वाडीच्या नाक्यापर्यंत आला, गेटपर्यंत आला, आणि त्याच आवाजात म्हणाला, "आन् माय नऊ वाजता गेली."

नत्थूजींचे डोळे मिटलेलेच होते. ते म्हणाले, "रविनगरच्या चौकातला खड्डा बुजवला का तसाच हाय?"

प्रभाकरनं सायकल वळवली आणि गेला. तो त्यानंतर त्या गेटच्या आत कधीही आला नाही. मागून आम्ही एका गाडीत नत्थूजींना बसवून पाठवलं. पुष्कळ वर्षांनी माझ्या मनात आलं, की त्यांना तिकडंच जायचं होतं, लवकर पोचायचं होतं, म्हणून त्यांनी खड्ड्याचं विचारलं असेल. दुसरं काही विचारायची भाषाच त्यांच्याजवळ नव्हती. पण हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. त्या दिवशी मी जमिनीवर थुंकलो होतो.

मोठे शेठजी थकले आणि छोटे शेठ ऑफिसात बसू लागले तो काळ आता आला. छोटे शेठ पुण्याला शिकून आले होते. सगळ्या कंपनीचे रस्ते एका लंगड्या माणसाच्या तोंडात आहेत ही गोष्ट त्यांना आधी गमतीची वाटली, मग लाजेची. त्यांनी जिल्ह्याचा मोठा नकाशा आणून काचेत मढवून भिंतीला लावला. मला बोलावून सांगितलं, "सगळे रोजचे रूट एका वहीत लिहा. गाव, अंतर, वळण, पूल. प्रत्येक गाडीत एक कॉपी ठेवू." आणि दारात येऊन, नत्थूजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कल ये मर गए तो? धंदा बंद करायचा काय?"

नत्थूजी स्टुलावरूनच म्हणाले, "मेलो तं सांगतो."

सगळे हसले. छोटे शेठ हसले नाहीत.

वही लिहायला मी नत्थूजींसमोर बसलो. ते एकदा सांगायचे, माझा हात मागं राहायचा, मी म्हणायचो, "पुन्हा?" आणि ते शांताबाईकडं वळायचे. महिनाभर कानात तेल घालून घेतल्यावर मी तो नाद सोडला. ड्रायव्हरांना विचारलं, ट्रकच्या अड्ड्यावर विचारलं, माझ्या शेजारी एसटीचा एक कंडक्टर राहायचा त्याला रोज संध्याकाळी विचारलं. वही वाढत गेली. अक्षर माझं चांगलं आहे. लाल शाईनं पूल, निळ्यानं रस्ता. खरं सांगायचं तर माझं त्या वहीवर प्रेम बसलं होतं, आणि माणसाचं एखाद्या गोष्टीवर प्रेम बसलं की तो किती नीच होऊ शकतो ते आता येतं.

दसऱ्याच्या सुमारास मी टपरीच्या मागच्या बाजूला हात धूत होतो. पुढं बाकावर देवमन आणि आणखी दोघं बसले होते. देवमन म्हणाला, "त्याले रस्ता पाहिजे ना? देऊन राहिलो त्याले रस्ता. काटोलकडचा रपटा बांधला म्हणून आज जमा केलं म्या. पक्का सिमेंटचा झाला म्हनलं."

रपटा म्हणजे नदीच्या पात्रातून गेलेला ठेंगणा पूल, पावसाळ्यात ज्यावरून पाणी जातं. तो श्रावणातच वाहून गेला होता.

"आन् त्यानं काय म्हनलं?" दुसऱ्यानं विचारलं.

"चहा दे म्हनलं. तिकडं आपण तिघंच जातो ना. आता तुम्ही दोघं पण उद्या तसंच जमा करजा."

मी हात पुसले आणि ऑफिसात गेलो. त्याच संध्याकाळी माझ्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "छे हो, रपटा तसाच तुटलेला आहे, आम्ही मोठ्या रस्त्यानं बारा मैल फिरून जातो." मी वही उघडली आणि लाल शाईनं लिहिलं: 'रपटा तुटलेला. जाऊ नये.' नत्थूजींना सांगितलं नाही. दहा पावलांवर बसले होते. सांगितलं नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी छोट्या शेठनी पैज लावली. संत्र्याचा हंगाम सुरू झाला होता. काटोलच्या पुढच्या एका बागेतून माल आणायचा. सकाळी सातला दोन गाड्या सुटतील. एक वहीवर, एक नत्थूजींच्या तोंडावर. "जो पहले आएगा, उसका रस्ता चलेगा," छोटे शेठ म्हणाले. आणि पुढं सरळच सांगून टाकलं: वही जिंकली तर स्टूल उठेल, खोलीही रिकामी करावी लागेल.

वहीच्या गाडीवर अमरावतीहून आलेला एक नवा ड्रायव्हर दिला, ज्याला इकडचं काहीच माहीत नव्हतं. नत्थूजींना विचारलं, तुमच्या गाडीवर कोण? त्यांनी जराही विचार न करता काठी देवमनकडं केली.

"हा. हा माह्या सांगण्याच्या बाहेर जात नाही."

त्यांनी रस्ता सांगितला. एकदाच. रपट्यावरून. देवमननं मान खाली घालून ऐकून घेतला आणि 'हो जी' म्हणाला. त्या वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं. मीही त्याच्याकडं पाहिलं. तोंड उघडायला माझ्याजवळ तेवढा वेळ होता. स्टार्टर दोनदा मारावा लागला होता. मी उघडलं नाही. माझी वही हरू नये म्हणून, आणि आठ वर्षांपूर्वी माझ्या शर्टला लागलेल्या ग्रीससाठी. एवढ्यासाठीच.

तीन वाजता वहीची गाडी संत्री भरून आत आली. नवा ड्रायव्हर उतरला आणि सवय नसल्यानं सरळ चहाच्या टपरीवर गेला. कोणी त्याला अडवलं नाही. नत्थूजी गेटबाहेरच्या रस्त्याकडं पाहत राहिले. चार वाजले. पाच वाजायला आले तेव्हा देवमन पायी आला, कोणाच्या तरी गाडीतून नाक्यावर उतरून. सगळं गोदाम काम सोडून गोळा झालं. छोटे शेठ दारात.

देवमन स्टुलासमोर उभा राहिला. हात सरळ. म्हणाला, "नत्थूजी, रस्ता जमा करतो. काटोल नाक्यापासून पुढं डाव्या हाताले वळलो. आंब्याचे तीन झाडं, मंग उतार. उताराच्या खाली उजव्या हाताले मारुतीचा ओटा. तिथून चाळीस पावलं नदी. रपटा नाही. गाडी रेतीत बसली हाय."

नत्थूजींनी डोळे उघडले. जमा चालू असताना त्यांचे डोळे उघडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"तुले दिसलं नाही काय उतरताना?"

"दिसलं जी. पण तुम्ही म्हनलं रपटा हाय. मी तुमच्या बाहेर कसा जाऊ?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणीतरी. नत्थूजी म्हणाले, "रपटा बांधला असं दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी जमा झालं होतं." त्यांना आठवावं लागलं नाही, माहीतच होतं. "तूच केलं होतं."

"हो. म्याच केलं होतं."

मग हसण्याचा जो गलका उठला तो मला अजून ऐकू येतो. हमाल, ड्रायव्हर, सगळे. त्या स्टुलासमोर जे जे कधी मान खाली घालून उभे राहिले होते, ते सगळे आठ-दहा वर्षांचं हसू एका वेळी हसून घेत होते. मी हसलो नाही एवढंच. पण हसलो नाही याचं काही मोल नाही. नत्थूजींनी गलका संपेपर्यंत वाट पाहिली. मग टपरीकडं वळले.

"शांते, याले चहा दे वं. आज यानं रस्ता बराबर जमा केला."

शांताबाईनं कप भरला. देवमननं कप घेतला, पण प्याला नाही.

चौथ्या दिवशी प्रभाकर रिक्षा घेऊन आला. गेटच्या बाहेरच उभा राहिला. नत्थूजी एक पेटी आणि काठी घेऊन लंगडत बाहेर गेले. स्टूल कंपनीचं होतं, ते राहिलं. प्रभाकर फक्त "चाला" म्हणाला. रिक्षात बसल्यावर नत्थूजींनी मुलाला विचारलं, "कोणत्या रस्त्यानं जाशीन?" रिक्षा निघाली.

यात वाईट गोष्ट अशी, की वहीनं काम चांगलं केलं. नत्थूजी गेल्यावर कंपनी बुडाली, गाड्या भरकटल्या, असं काही झालं नाही. ड्रायव्हर वही उघडायचे, जायचे, यायचे, आल्याबरोबर चहा प्यायचे. फरक एवढाच पडला की आता कोणी कोणाचं रस्त्याचं सांगणं खरं धरेनासं झालं. एकानं पुढं खोदलंय म्हणून सांगितलं तरी दुसरा स्वतः जाऊन पाहायचा.

तीनेक वर्षांनी मला कंपनीच्या कामानं खापरखेड्याला जावं लागलं. यंत्राचे भाग पोचवून कागदावर सही घेतली आणि दुपारी मोकळा झालो. मन खात होतंच. विचारत विचारत कामगारांच्या वसाहतीत प्रभाकरचं क्वार्टर शोधलं. प्रभाकर ड्यूटीवर होता. नत्थूजी दारात खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"कोणत्या रस्त्यानं आले बाबूजी?"

मी सांगितलं. कोराडीच्या अलीकडं रस्ता खोदला आहे, बस कच्च्यातून आली, असं सगळं. त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, कोराडीजवळ खोदलं म्हणून राहिले हे. खरं हाय काय वं?"

"मले काय माहीत मामाजी," आतून आवाज आला. "मी कुठं गेली?"

समोरून एक सायकलवाला चालला होता, त्यालाही थांबवून विचारलं. तो 'हो' म्हणाला. तरी नत्थूजी म्हणाले, "प्रभाकर आला की विचारतो." सूनबाई दारात येऊन मला हळूच म्हणाली, "नळ आला म्हनलं तरी स्वतः जाऊन हात लावून पाहते. कोणाचंच खरं नाही वाटत यायले." चहाचं तिनं विचारलं नाही, सासऱ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

मी बोलायला सुरुवात केली. "नत्थूजी, त्या वेळी मला..."

"वहीत रपट्याजवळ काय लिहिलं होतं?" त्यांनी मध्येच विचारलं.

मी म्हणालो, "तुटलेला. जाऊ नये."

"कधी लिहिलं?"

"पैजेच्या आठ दिवस आधी."

त्यांनी मान हलवली. "प्रभाकरच्या ओळखीचा एक ड्रायव्हर हाय तुमच्याकडं. त्यानं वाचून दाखवलं होतं. अक्षर चांगलं हाय म्हणते तुमचं."

मी उठलो. नागपूरची बस कुठून मिळेल म्हणून विचारलं. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "पाण्याच्या टाकीपासून डावा हात. दोन रांगा सोडून उजवा हात. पिंपळापाशी चढ लागन. चढावर सरळ जा. समोर स्टँड."

मी गेलो. टाकी होती. रांगा होत्या. पिंपळ होता, चढ होता. चढावर गेलो आणि समोर भिंत होती. दगडी, पुरुषभर उंच, पलीकडं राखेचं मैदान. डावीकडं वाट नाही, उजवीकडं वाट नाही. मी भिंतीला हात लावून पाहिला. लांबचा रस्ता नव्हता तो. खोटा होता. ज्या माणसानं आयुष्यात कधी खोटा रस्ता सांगितला नाही, त्यानं तो माझ्यासाठी सांगितला होता.

परत आलो तेव्हा ते तसेच बसले होते, डोळे मिटून. या वेळी हसत नव्हते.

"रस्ता जमा करा बाबूजी."

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत त्या स्टुलासमोर जमा करायला मी कधी उभा राहिलो नव्हतो. मी ऑफिसातला माणूस. हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणालो, "टाकीपासून डावा हात. पहिल्या रांगेत तिसऱ्या घराचं दार निळं. दोन रांगा सोडून उजवा हात. पिंपळाला पार नाही. चढाला दगड उखडलेत." मी हात सरळ सोडले. "पुढं भिंत आहे. रस्ता नाही."

क्वार्टरच्या अगदी मागून, पाठच्या भिंतीला लागूनच, बसचा हॉर्न वाजला आणि कंडक्टरची "नागपूर, नागपूर" अशी हाक आली. मी तिकडं वळणार एवढ्यात नत्थूजी डोळे न उघडताच आत म्हणाले, "सूनबाई, बाबूजीले चहा दे वं."

बस निघाल्याचा आवाज आला. मी तिथंच बसून चहा प्यालो.